पोचवायचा राहिलेला निरोप

माझे वडील एल्रिक गिटन्स आठवडाभर बेकरीची गाडी चालवायचे आणि शनिवार-रविवारी पांढरा कोट चढवून अंपायर म्हणून उभे राहायचे. आमच्या सेंट लूसी परगण्यात, बेटाच्या उत्तर टोकाला, पाववाला म्हणून त्यांना फारसं कुणी ओळखत नसे. ओळखायचे ते त्यांच्या बोटामुळे. ते बोट एकदा वर गेलं की वाद संपला. रमच्या दुकानात डॉमिनो आपटत बसणारी माणसं देवाच्या न्यायाबद्दलही शंका काढायची, पण तीसुद्धा म्हणायची, "गिटन्सनं दिलंय ना? मग आऊटच असणार."

मी शाळेत असतानाच आई गेली. पुढे घरात बाबा आणि मी दोघंच, पण मला वाढवलं ते आयांथी आत्यानं. ती बाबांची थोरली बहीण. दोन घरं सोडून राहायची आणि लग्नाचे केक करायची. तिच्या स्वयंपाकघरात बारा महिने रममध्ये भिजणाऱ्या मनुकांचा वास असे. कागदाच्या सुरळीतून साखरेचं गुलाबाचं फूल ती असं काढायची, की बघणाऱ्यानं पाकळी उचलून वास घ्यावा. तिचा नवरा जहाजावर गेला तो परत आला नाही. एकुलता एक मुलगा डेल्विन. तो आणि मी एकाच ताटात जेवून मोठे झालो.

आमची मायसी आजी, बाबांची आई, शेवटची कित्येक वर्षं आंधळी होती. पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलायची आणि पावलांच्या आवाजावरून कोण आलं ते सांगायची. तिची एक बहीणही म्हणे तशीच झाली होती. वय झालं, डोळे गेले, असं सगळ्यांनी मानलं. कुणी विचारलं नाही, कुणी तिला डॉक्टरकडे नेलं नाही. त्या काळी साखर आणि रक्तदाब ही दोनच दुखणी गावाला ठाऊक होती.

डेल्विन बॅट्समन होता, आणि नुसता गावापुरता नव्हे. त्या वर्षी आमचा संघ उत्तर विभागाच्या कपच्या फायनलला पोचला. राजधानीतल्या, ब्रिजटाऊनच्या एका मोठ्या क्लबची माणसं खास त्याला बघायला येणार, अशी बातमी होती. आत्या मैदानाच्या कडेला ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली होती. डोक्यावर चर्चची हॅट, मांडीवर खाऱ्या माशाच्या भज्यांचा डबा. येणाऱ्या-जाणाऱ्याला भजं देत होती आणि भज्याबरोबर "माझा मुलगा खेळतोय हं" हेही देत होती.

सामन्याआधी कुणीतरी हरकत घेतली होती, की मामा अंपायर आणि भाचा बॅट्समन हे बरोबर नाही. त्यावर समोरच्या संघाचा कॅप्टनच हसला. म्हणाला, "गिटन्स ना? असू दे. तो स्वतःच्या आईलाही पायचीत देईल."

डेल्विनचं अर्धशतक झालं, त्यापुढेही तो निवांत खेळत होता. मग एक चेंडू मिडविकेटकडे ढकलून तो पळाला. सोपी धाव होती. बाबा उभे होते त्याच टोकाकडे तो येत होता. बाबा लगबगीनं बाजूला झाले, वाकले, नजर स्टंपांवर रोखली. फेक थेट स्टंपांवर बसली. पण त्याआधीच डेल्विनची बॅट हातभर आत सरकली होती. मी सीमारेषेवरून पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. समोरच्या संघातल्या निम्म्यांनी तर अपीलही केलं नाही.

बाबांचं बोट वर गेलं.

डेल्विन जागचा हलला नाही. "मामा, मी आत होतो."

"मैदानावर मी कुणाचा मामा नाही. चल."

आत्याच्या मांडीवरचा डबा खाली पडला. तिचा आवाज सगळ्या मैदानभर गेला. "एल्रिक! डोळे फुटले का तुझे?"

आमचा संघ हरला. ब्रिजटाऊनची माणसं दुसऱ्याच एका पोराशी हात मिळवून निघून गेली. त्या संध्याकाळी आत्या आमच्या दारात आली, आत आली नाही.

"कुणाला दाखवायचं होतं रे, तू किती सरळ आहेस ते? त्यासाठी माझं पोरच सापडलं?"

"आयांथी, मला बॅट दिसली नाही."

"अख्ख्या गावाला दिसली!"

"गावाचं मला माहीत नाही. मी जे बघतो तेच देतो. क्रीजच्या आत मला गवत दिसलं. नुसतं गवत. बॅट नव्हती तिथे."

"गवत दिसलं!" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "मग खा ते गवत."

डेल्विन त्या वर्षाअखेर टोरांटोला गेला आणि एका गोदामात कामाला लागला. तिथे थंडीत त्याच्या बोटांना भेगा पडतात, असं आत्या चर्चमध्ये बायकांना सांगायची, बाबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. तिनं चर्चमधली जागा बदलली. आमच्या बाकावर बसणं सोडून खिडकीकडे बसायला लागली. मी तिच्याकडे जायचे, जेवायचे. पण ती बाबांचं नाव घेत नसे. म्हणायची, "तुझ्या बापाला हे घेऊन जा," आणि ताटावर फडकं बांधून द्यायची. उपाशी ठेवायचं नाही, बोलायचंही नाही, असं ते वैर होतं. वर्षांमागून वर्षं तसंच चाललं.

त्या वर्षांत बाबा बदलत गेले. गावात बोलणं झालं, की गिटन्सला गर्व झालाय. बाजूनं कुणी हात केला तरी बघत नाही, समोर जाऊन उभं राहावं तेव्हा म्हणतो, "अरे, तू कधी आलास?" घरात ते स्टुलांना अडखळायचे. चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायचे आणि फुटला की माझ्याकडे रागानं बघायचे, जणू टेबल मी सरकवलं.

"बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?"

"लक्ष जागेवर आहे. तू सामान कुठेही टाकतेस."

डोळ्यांचा संशय यावा असं काही नव्हतंच. स्तोत्रांच्या पुस्तकातली बारीक अक्षरं ते बिनचष्म्याचे वाचायचे. रोज पहाटे समुद्रात उतरून डोळ्यांत खारं पाणी मारून घ्यायचे आणि रमच्या दुकानात सांगायचे, "बघा, साठीला आलो. चष्मा नाही. समुद्र सगळं धुऊन काढतो." अंपायरिंग मात्र त्यांनी हळूहळू कमी केलं. गुडघे दुखतात म्हणाले. एकदा सरळ आलेला फटका त्यांना शेवटपर्यंत दिसला नाही आणि चेंडू कानाजवळून गेला, हे मला फार उशिरा, दुसऱ्याच माणसाकडून कळलं.

मग शेजारच्या कंबरबॅचकाकांच्या मेंढ्याचं प्रकरण झालं. बाबा संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत येत होते. डावीकडच्या उसातून मेंढा रस्त्यावर आला आणि गाडीखाली गेला. कंबरबॅचकाका डोक्याला हात लावून रस्त्यातच बसले.

"गिटन्स, एवढा मोठा मेंढा! सोफ्याएवढा! दिसला नाही तुला?"

"होता कुठे तो? आकाशातून पडला का?"

"आकाशातून मेंढा पडतो का रे? उसातून चालत आला. पाय मोजता आले असते, इतका सावकाश."

गाव आठवडाभर हसलं. बाबांना रस्त्यात कुणी भेटलं की बें करायचं. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत सायकलवरची एक लहान मुलगी तशीच बाजूनं आली. तिच्या सुदैवानं तिनं स्वतःच ब्रेक लावला. बाबांनी गाडी तिथेच कडेला लावली आणि चालत बेकरीत जाऊन किल्ली परत केली. घरी आल्यावर खुर्चीत बसून राहिले.

"मार्वा," ते म्हणाले, "ती पोरगी नव्हती तिथे. आणि मग होती."

मला वाटलं, मोतीबिंदू असेल. गावात दोघांचा काढला होता, दोघं पुन्हा तुरी निवडायला लागले होते. मी बाबांना चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या माणसानं डोळ्यात दिवा धरून बराच वेळ पाहिलं, दुसऱ्या डोळ्यात पाहिलं, आणि त्याच्या तोंडची बडबड थांबली. "चष्म्याचं काम नाही हे," एवढंच म्हणाला आणि आम्हाला ब्रिजटाऊनच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं.

तिथे त्यांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. बाबा फायनलला उभे राहावेत तसे ताठ बसले. यंत्र खटखट करत होतं. त्यांचा अंगठा मात्र हलत नव्हता. मधूनच एकदा दाबायचे, मग पुन्हा बराच वेळ काही नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "बाई, यंत्र बंद पडलंय का? दिवा लागतच नाहीये."

यंत्र चालवणाऱ्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. दिवे लागत होते. मला दिसत होते.

डॉक्टर अलेन वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी खुर्ची बाबांच्या बरोबर समोर ओढली.

"मिस्टर गिटन्स, हा काचबिंदू आहे. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं आणि बाहेर वाहून जातं. ते नीट वाहून गेलं नाही की आत दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू मरते. सुरुवात कडेकडून होते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. समोरचं मात्र शेवटपर्यंत चांगलं दिसतं, म्हणून माणूस येतच नाही आमच्याकडे."

"पण मला काळं काही दिसत नाही," बाबा म्हणाले. "नजर जात असेल तर तिथे काळं दिसायला नको?"

"नाही दिसत. जेवढं दिसत नाही तेवढ्या जागी मेंदू आजूबाजूचंच भरून टाकतो. भिंत असली तर भिंत. गवत असलं तर गवत."

बाबांनी मान वर केली. काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला त्या वेळी त्याचा अर्थ कळला नाही.

"गेलेलं परत येईल का?" मी विचारलं.

"नाही. मोतीबिंदू काढता येतो. यातलं गेलेलं गेलं. उजव्या डोळ्यात फारसं काही उरलेलं नाही. डाव्यात एक छोटी खिडकी आहे, ती वाचवायचा प्रयत्न करू. थेंब सुरू करू, ऑपरेशनही करावं लागेल."

"आणि आधी आलो असतो तर?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "सात-आठ वर्षांपूर्वी आला असता तर बहुतेक नुसत्या थेंबांवर निभावलं असतं. घरात आणखी कुणाला आहे?"

"कुणाला नाही. आई आंधळी होती, पण ती म्हातारपणानं."

"म्हातारपणानं कुणी आंधळं होत नसतं, मिस्टर गिटन्स. भावंडं?"

"एक बहीण आहे. तिची नजर घारीसारखी आहे. केकवर मुंगीएवढी फुलं काढते."

"तुमचीही नजर घारीसारखी होती. तिला लगेच पाठवा. आपल्या काळ्या लोकांत हा आजार लवकर येतो आणि जोरात येतो. त्यात आईला असेल तर मुलांना धोका कितीतरी पटींनी जास्त. भावाला झाला की बहिणीनं आणि बहिणीला झाला की भावानं तपासून घ्यायलाच हवं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि चाळिशी जवळ आली की मुलीनंही. तुमचं वय काय?"

आम्ही बाहेर आलो. बाबा एक हात भिंतीला लावून चालत होते. बाकांच्या रांगेशी एक नर्स कुणाला तरी सांगत होती, "आज उशीर केलात. तुमची नेहमीची जागा धरून ठेवली होती मी." मी सहज बघितलं. खिडकीजवळच्या बाकावर चर्चची हॅट घालून आयांथी आत्या बसली होती. डोळे मिटलेले, आणि नाकाजवळ डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलेलं, थेंब घातल्यावर दाबतात तसं.

नेहमीची जागा, असं म्हणाली होती नर्स.

"आत्या?"

तिनं डोळे उघडले. आधी मी दिसले, मग माझ्यामागे भिंतीला धरून उभे असलेले बाबा. तिचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. बाबांना ती दिसली नव्हती. ती बाजूला होती आणि बसलेली होती.

"कोण आहे, मार्वा?" बाबांनी विचारलं.

आत्याच म्हणाली, "मी आहे, एल्रिक."

इतक्या वर्षांनी तिनं त्यांचं नाव घेतलं होतं. बाबांनी मान फिरवली, जरा जास्तच फिरवली, आणि मग ती त्यांना सापडली.

"तू इथे काय करतेस?"

"थेंब घालते. दाब आहे माझ्या डोळ्यांत."

"कधीपासून?"

आत्यानं हॅट काढून मांडीवर ठेवली. "फायनलच्या आदल्या वर्षापासून."

"म्हणजे तुला माहीत होतं?" हे मी म्हणाले, बाबा नव्हेत.

"तेव्हाचे म्हातारे डॉक्टर होते, त्यांनी सांगितलं होतं. भावाला सांगा, तपासून घ्यायला सांगा, हे रक्तातून येतं. दर खेपेला विचारायचे, सांगितलंत का? मी म्हणायचे, हो." ती बाबांकडे बघत बोलत होती, माझ्याकडे नाही. "मी सांगणार होते, एल्रिक. त्या ख्रिसमसला हॅम कापताना सांगणार होते. तू आणि डेल्विन हसत होतात. मला वाटलं, सणाच्या दिवशी नको. शिवाय गावात बोलणं झालं असतं, की ही पण आईसारखी आंधळी होणार. मग माझा केक कुणी घेतला असता? म्हटलं, नंतर सांगू. मग ती फायनल झाली. मग म्हटलं..."

"काय म्हटलंस?"

तिचं बोट हॅटच्या कडेवरून फिरत होतं.

"म्हटलं, मरू दे. त्याला सगळं दिसतंच ना."

बाबांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मार्वा, आपली बस कुठून सुटते?"

बसमध्ये ते खिडकीशी बसले. समुद्र त्यांच्या बाजूला होता, पण ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होते. वाटेतलं स्पाइट्सटाऊन गाव मागे पडल्यावर म्हणाले, "डेल्विनची बॅट आत होती?"

"हो बाबा."

"किती?"

"हातभर तरी."

"मला गवत दिसलं होतं," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळानं पुन्हा म्हणाले, "मी खोटं नाही बोललो, मार्वा. पण मी चुकीचं दिलं."

डोळे गेले त्यापेक्षा याचं त्यांना जास्त लागलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आयुष्यात त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं. मोठं घर नव्हतं, शिक्षण नव्हतं. गिटन्सनं दिलंय म्हणजे बरोबर दिलंय, एवढी एकच गोष्ट होती. ते आठवून आठवून जुने निकाल तपासायला लागले. त्या अमुक सामन्यातला झेल, तो तमुक पोरगा, त्याची पायचीत. "तेव्हा दिसत होतं का मला? तू सांग, तेव्हा दिसत होतं का?" मी काय सांगणार? कधी काय गेलं हे सांगणारं कुणीच नव्हतं.

त्या दिवशी घरी पोचल्या पोचल्या त्यांनी मला टोरांटोला फोन लावायला लावला.

"डेल्विन, मी मामा."

पलीकडून डेल्विननं विचारलं, "बरं आहे ना सगळं, मामा?"

"तू आत होतास. त्या दिवशी. मी चुकीचं बोट वर केलं. माझे डोळे तेव्हाच जायला लागले होते, मला कळलं नाही."

"मामा, जुनं झालं ते."

"जुनं झालं म्हणून बरोबर होत नाही."

डेल्विन म्हणाला, "मी आईला तेव्हाच म्हणालो होतो. मामा मुद्दाम करणार नाही, त्याला खरंच दिसलं नसेल. तिनं ऐकलं नाही."

बाबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "आता माझं ऐक. आजीला काचबिंदू होता, मला आहे, तुझ्या आईला आहे. तू उद्या जाऊन डोळे तपास. पुढच्या आठवड्यात नाही. उद्या. बर्फ पडत असलं तरी."

"तिलाही आहे? आई तर काही बोलली नाही."

"नाही," बाबा म्हणाले. "ती बोलत नाही."

ऑपरेशन झालं. डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला बारीकशी वाट करून दिली, दाब उतरला. डॉक्टर म्हणाल्या, छान झालं. पण डाव्या डोळ्यातली ती खिडकी आधीच फार लहान होती. थेंब बाबांना स्वतःला घालता येईनात. अर्धे गालावर ओघळायचे. मी हॉटेलात कामाला होते, पाळ्या बदलत्या असायच्या. एका दुपारी आत्या दारात उभी राहिली. हातात झाकलेलं ताट, त्यात मक्याच्या पिठाचा घोटलेला कूकू आणि रश्शातले उडते मासे.

मी दार अर्धंच उघडलं. "ठेव तिथे. मी देते त्यांना."

"मार्वा, थेंब घालायची वेळ आहे. माझा हात स्थिर आहे."

"आता आठवलं तुला?"

आतून बाबा म्हणाले, "आत येऊ दे तिला."

"बाबा, हिच्यामुळे..."

"माहीत आहे मला कुणामुळे काय. तिला आत येऊ दे. माझा डोळा चुरचुरतोय आणि तुम्ही दोघी दारात भांडताय."

त्या दिवसापासून ती रोज आली. तिच्या हातातून थेंब बरोबर मध्ये पडायचा. दोघं लहानपणी भांडत असतील तसे भांडायचे.

"डोळा उघड. रमच्या दुकानात तोंड उघडतोस तेवढा."

"हळू. केक समजून टोचू नकोस."

"केक गप्प बसतो."

मी मात्र तिच्याशी पुष्कळ दिवस धड बोलले नाही. ती गेल्यावर मी भांडी आपटायचे. बाबा ऐकायचे आणि काही म्हणायचे नाहीत.

एक दिवस मी कामावरून लवकर आले. दोघं पुढच्या ओट्यावर बसली होती. मी आल्याचं बाबांना कळलं नाही, आणि आत्याची पाठ माझ्याकडे होती.

"आता काय दिसतं तुला?" ती विचारत होती.

"तू स्थिर बसलीस तर नाक आणि तोंड. हललीस की तेही नाही."

आत्या काही वेळ तशीच स्थिर बसली. मग म्हणाली, "एल्रिक, डॉक्टर म्हणतात माझ्या डोळ्यांत दाब आहे. आईलाही तोच असणार. तुलाही असेल. तू तपासून घे."

ती हे असं म्हणाली, की जणू तो ख्रिसमसच होता आणि आत हॅम तयार होता. मला दारातच थांबावं लागलं.

बाबांनी विचार केला. "मी गेलो नसतो," ते म्हणाले. "आयांथी, मला माझा स्वभाव माहीत आहे. मी म्हणालो असतो, मला चष्मा नाही, मला समुद्र आहे, तू तुझं बघ."

"गेला असतास."

"नसतो गेलो."

"मी नेलं असतं ओढून," ती म्हणाली आणि हातांत तोंड लपवून रडायला लागली. बाबा हात पुढे करून तिचा खांदा शोधत होते. पहिल्यांदा हात खुर्चीच्या पाठीवर पडला, मग तिच्या मानेवर, मग खांद्यावर.

ते खरं बोलले की तिच्यासाठी बोलले, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आयुष्यात कधी खोटा निकाल न दिलेला माणूस होता. पण त्या वेळी मला खात्री देता आली नसती.

पुढच्या वर्षी ती खिडकीही मिटली. आता बाबांना दिवस आणि रात्र एवढंच कळतं. शनिवारी मैदानावरून ओरडा आला की ते मान वळवतात, कोण आऊट झालं ते मात्र विचारत नाहीत. डेल्विनच्या डोळ्यांवर तिथले डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. माझ्या दोन्ही डोळ्यांत दाब निघाला. नस अजून चांगली आहे. मी रोज झोपण्याआधी थेंब घालते आणि हॉटेलातल्या प्रत्येक बाईला, तिला कंटाळा येईपर्यंत, तिच्या आई-बापाच्या डोळ्यांबद्दल विचारते.

आत्या ऐंशीकडे झुकली आहे. अजून बिनचष्म्याची सुईत दोरा ओवते, अजून साखरेची फुलं काढते. चर्चमध्ये ती पुन्हा आमच्या बाकावर बसते आणि बाबांच्या कानाशी स्तोत्र वाचत जाते. प्रार्थना संपली की एखादी बाई हमखास म्हणते, "सिस्टर आयांथी, या वयात काय डोळे आहेत तुमचे! देवाची कृपा." आत्या बाबांचा हात आपल्या कोपराखाली घेते आणि पायरी आली की हळूच सांगते, "खाली."